वीसच्या वर

९ जानेवारी

आई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र लगेच उघडशील, नाहीतर कपाटात ठेवून देशील. दोन्ही चालेल. मावशी म्हणते, माझा फोन तू उचलत नाहीस, पण पत्र न वाचता फाडणारी बाई तू नाहीस. जन्मभर मुलांच्या गणिताच्या वह्या तपासल्यास. पहिल्याच पायरीला चुकलेलं गणितसुद्धा तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचीस. तेवढं मलाही वाच.

आम्ही बरे आहोत. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्यात. माझी दातांच्या डॉक्टरांकडची नोकरी चालू आहे. दिवसभर लोकांना ‘आ’ करायला सांगायचं आणि घरी येऊन आपण गप्प बसायचं, असं चाललंय. गप्प बसू देत नाही तुझा जावई, ही गोष्ट वेगळी.

आमची ओळख कशी झाली हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आपणहून सांगते. दवाखान्याच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. मी आत, आणि हा लिफ्ट दुरुस्त करणारा बाहेर. दारातून आवाज आला, “बाई, घाबरू नका. दोर तुटत नाही. तुटला तरी लिफ्ट पडत नाही. आणि पडलीच तरी...” मी ओरडले, “तुम्ही बोलू नका, काम करा!” बाहेर तो इतका हसला की हातातला पाना खाली पडल्याचं मला ऐकू आलं. पुढच्या आठवड्यात तो ती धडधाकट लिफ्ट पुन्हा ‘तपासायला’ आला. त्याच्या पुढच्याही.

तू त्याला एकदाच पाहिलंस, तेही उंबऱ्यात. त्यानं काही लपवलं नाही. “मला थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं,” असं तिथंच सांगून टाकलं. तू म्हणालीस, “एकदा पाहिलंय. दुसऱ्यांदा पाहणार नाही.” आणि दार लावलंस. आपटलं असतंस तर बरं होतं. हळू लावलंस, तेच लागलं.

माझ्यात तो दोष नाही, हे तूच माझ्या लहानपणी तपासून घेतलं होतंस. म्हणजे उद्या मूल झालं तरी त्याला हा आजार व्हायचा नाही. हे तुला माहीत आहे. तुझी भीती मुलाची नाहीच, हे मलाही माहीत आहे.

बाकी ठीक. परवा जिना चढताना त्याला थोडा दम लागला, तिसऱ्या मजल्यावर बसला जरा. लिफ्ट बंद होती आणि तीच दुरुस्त करायला तो चढत होता, त्यामुळे आम्हाला हसू आलं. डॉक्टरांनी सहज म्हणून हृदयाची एक तपासणी सांगितली आहे. सहजच.

तुझी
ठमी


४ फेब्रुवारी

आई,

‘सहज’ असं दोनदा लिहिलं होतं मी. तुझ्या डोळ्यांतून ते सुटलं नसणार.

तपासणी झाली. एमआरआयचं यंत्र म्हणजे भलंमोठं चुंबक. आत जाताना अंगावर धातूचा कण नको. आणि आमच्या माणसाचे खिसे! स्क्रू, वॉशर, दोन पाने, एक स्प्रिंग, कसलीशी किल्ली. यंत्राजवळचा माणूस म्हणाला, “अहो, दुकान मांडताय का इथं?” हा म्हणाला, “रक्तात पण लोखंड आहे माझ्या. चुंबक उचलून नेणार नाही ना?” तो म्हणाला, “रक्तातलं चालतं. खिशातलं काढा.”

मग दार बंद झालं. आतून हातोडे मारल्यासारखे आवाज, आणि मधे मधे भोंग्यावर सूचना, श्वास सोडा, रोखून धरा. बाहेर माझ्या मांडीवर त्याचं घड्याळ, पट्टा, अंगठी. माणूस गेल्यावर घरच्यांच्या हातात ठेवतात ना, तसं वाटलं एकदम. मी उठले आणि सगळं त्याच्या पिशवीत कोंबलं. बाहेर आल्यावर पट्टा सापडेना म्हणून माझ्यावरच चिडला.

आता खरं सांगते. हृदयाच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांनी समोर बसवून समजावलं. चढवलेल्या प्रत्येक रक्ताबरोबर लोह येतं आणि शरीराला ते बाहेर टाकायची वाट नाही. ते साठतं, यकृतात, ग्रंथींत, आणि हृदयातही. रक्तातलं फेरिटिन मोजून एकूण साठ्याचा अंदाज येतो, पण हृदयाचं त्यावरून कळेलच असं नाही. फेरिटिन बेताचं असूनही हृदय भरलेलं असू शकतं. या यंत्राच्या चित्रात लोह साठलेला भाग लवकर काळा पडतो. किती लवकर, त्याचा आकडा काढतात. तुझ्या वर्गातल्या मार्कांसारखाच, जितका जास्त तितका बरा. वीसच्या वर असला की निर्धास्त. दहाच्या खाली गेला तर हृदय कधीही थकू शकतं, ठोका चुकू शकतो.

त्याचा नऊ पूर्णांक चार आला.

जिन्यात बसला होता तो ‘जरा’ नव्हता, आई. बराच वेळ बसला होता.

दादाच्या थॅलेसेमियातही फेरिटिन ठीकच आलं होतं ना गं? मी बारा वर्षांची होते, पण तू रिपोर्ट घेऊन आलीस तो दिवस आठवतो. आपण तिघांनी बाहेर जाऊन आईस्क्रीम खाल्लं होतं. मग त्याची परीक्षा आली. आणि मग काही उरलंच नाही. दादाबद्दल मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही. ह्याच्यासमोर ते बोलायला जीभ उचलेना.

घरी येताना हा म्हणाला, “नऊ म्हणजे नापासच. पण फेरपरीक्षा आहे ना?” मी म्हटलं, आहे. असं त्यांनी सांगितलंय, आई. लोह जसं साठतं तसं काढताही येतं. हळू, पण येतं.

ठमी


२० एप्रिल

आई,

उपचार सुरू होऊन दोन महिने होत आले. पोटाच्या कातडीखाली बारीक सुई, तिला नळी, नळीला छोटा पंप. दिवस-रात्र औषध आत जात राहतं आणि लोह बाहेर निघत राहतं. शिवाय दिवसातून तीन वेळा गोळ्या. “विशीत असताना मी पंपाला खूप दांड्या मारल्या,” असं तो स्वतःच सांगतो. मित्रांना शर्टाखालचा फुगवटा दिसायला नको म्हणून. आता कमरेच्या पट्ट्यावर स्क्रूड्रायव्हरच्या शेजारीच पंप लटकवतो. एका इमारतीच्या पहारेकऱ्यानं विचारलं, “हे कसलं यंत्र?” म्हणाला, “लोखंड काढायचं.” “लिफ्टमधनं?” “हो, जुनी आहे, गंजलीय.”

सुई मी टोचते. पहिल्या दिवशी सुई दोनदा परत खाली ठेवली. मग तुझे हात आठवले. कातडी चिमटीत धरायची, समोरच्याला बोलतं ठेवायचं आणि त्याच्या वाक्याच्या मधेच काम उरकायचं. तू दादाला पाढे विचारायचीस. सतराच्या पाढ्यात तो अडखळायचा आणि तेवढ्यात सुई आत गेलेली असायची. मी ह्याला विचारते, आज कुठली लिफ्ट बंद होती. त्याचं उत्तर सतराच्या पाढ्यापेक्षा लांब असतं.

सगळे दिवस असे हसत जात नाहीत. मागच्या आठवड्यात त्यानं सुई उपसून टेबलावर फेकली. “मी माणूस आहे का पाण्याची टाकी? एकीकडून भरा, दुसरीकडून उपसा!” मी ती सुई टाकून दिली आणि नवी काढली. त्याचं खरं होतं. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग आपणच येऊन शर्ट वर केला. “लाव. या खेपेला उजवीकडे.”

गोळ्यांची एक धास्ती आहे. त्यांच्यामुळे कधी कधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कमी होतात, आणि मग साधा संसर्गही महागात पडतो. म्हणून दर आठवड्याला रक्त तपासायचं आणि तापाकडे दुर्लक्ष करायचं नाही. तो म्हणतो, “आता साधं शिंकायचं तरी तुझी परवानगी लागणार.”

मावशी सांगत होती, तू तिला विचारलंस, “ती सुईची जागा रोज बदलते का?” बदलते, आई. डावी, उजवी, मग मांडी. तुझ्यासारखीच.

ठमी


११ जुलै

आई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. मायना नाही, सही नाही, आणि शाई लाल. “गोळ्या चालू असताना ताप आल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. त्वरित रक्त तपासावे.” मी ते घेऊन दाराशीच उभी राहिले. तो म्हणाला, “काय झालं?” मी म्हटलं, “आईनं वही तपासून पाठवलीय.” त्यानं ते आरशाच्या कडेला खोचून ठेवलं.

आता ऐक. घाबरू नकोस, सगळं झाल्यावर लिहितेय.

गेल्या रविवारी दुपारी जेवून तो आडवा झाला आणि उठला तो कण्हत. अंग तापलेलं, घसा बसलेला. म्हणाला, “पंख्याखाली झोपलो ना, दुसरं काही नाही. उद्या सकाळी बघू.” आणि खरं सांगते, मी ‘बरं’ म्हणणार होते. रविवार, दवाखाना अर्धा बंद, त्याच आठवड्यात रक्त तपासलेलं आणि चांगलं आलेलं. तोंड धुवायला गेले तर आरशात माझ्या चेहऱ्याशेजारी तुझी लाल अक्षरं.

मी म्हटलं, “ऊठ. आईनं लिहिलंय.”

तो उठून बसला. “सासूबाई पहिल्यांदा आपल्याशी काही बोलल्यात. त्यांचा शब्द पहिल्याच फटक्यात मोडायचा म्हणजे...” असं म्हणत त्यानं चपला घातल्या. उलट्या घातल्या, इतका ताप होता.

पेशी उतरल्या होत्या. अगदी तळाला गेल्या नव्हत्या, पण त्याच वाटेवर होत्या. गोळी तिथल्या तिथे बंद केली, सलाईनमधून औषध सुरू केलं आणि त्याला एका वेगळ्या खोलीत ठेवलं. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, “वेळेवर आणलंत.” एवढंच. पण त्यांनी ते ज्या आवाजात म्हटलं, ते मला पुरलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी पेशी वर सरकल्या. पाचव्या दिवशी हा नर्सबाईंना सांगत होता की तुमची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर हिसका देते, मला तासभर सोडा. तेव्हा मी समजले, बरा झाला. काल घरी आलो. गोळी पुन्हा देऊन बघता येईल म्हणाले, अगदी थोडी, रोज रक्त पाहून. पंप मात्र एकही दिवस थांबला नाही.

तुझ्या दोन ओळी मुठीत धरून नेल्या होत्या, त्या परत आरशाला लावल्यात. ओलसर झाल्यात, पण शाई पक्की निघाली.

ठमी


१६ फेब्रुवारी

आई,

चौदा!

चौदा पूर्णांक एक, नीट सांगायचं तर. दहाची रेघ मागे पडली. हृदयाचा जोरही पुष्कळ सुधारलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अजून वीस गाठायचे आहेत, पण आता मला तुमची रोज काळजी वाटणार नाही, एक दिवसाआड वाटेल.” विनोद करतात हे मला ठाऊकच नव्हतं.

आम्ही दवाखान्याच्या लिफ्टमध्ये शिरलो, दार बंद झालं, आणि मला रडू फुटलं. वर्षभर एकदाही रडले नव्हते मी. दोन मजले तसेच गेले. तो वर बघत म्हणाला, “आवाज येतोय. बेअरिंग गेलंय.” मी म्हटलं, “माझं?” म्हणाला, “लिफ्टचं गं.” मग आम्ही दोघं असे हसलो की तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा बाहेर थांबलेल्या बाई आत यायला बिचकल्या.

तू हल्ली दर महिन्याला लिहितेस. सगळ्या सूचनाच असतात. पाणी भरपूर प्यावे. डोळे व कान तपासून घ्यावेत, त्या औषधाचा परिणाम होतो. सांधे दुखतात का ते कळवावे. हे सगळं तू कुठे वाचतेस? मावशी म्हणते, वाचनालयात तुझी खुर्ची ठरलेली आहे आणि तिथल्या बाईंना तू कामाला लावलंयस. आई, सांधे थोडे दुखतात. कान उत्तम आहेत, भलतंसलतं सगळं ऐकू येतं त्याला.

तू कशी आहेस, हे एकदा लिही ना. काळ्या शाईत.

ठमी


५ फेब्रुवारी

आई,

आणखी एक वर्ष सरलं. तिसरी तपासणी अठरा तारखेला आहे, सकाळी दहा वाजता. मोठ्या रुग्णालयात, तळमजला, डाव्या हाताचा व्हरांडा.

तू ये असं मी म्हणत नाही. पाहणार नाही असं तू सांगितलंस, आणि का सांगितलंस ते मला या दोन वर्षांत सुई धरताना कळलंय. नुसतं कळवते आहे.

तो म्हणतो, “पत्ता नीट लिही, व्हरांडे दोन आहेत.” दुसरा व्हरांडा उजवीकडे आहे. तो नाही.

ठमी


२१ फेब्रुवारी

ठमे,

काळी शाई मागितली होतीस. ही घे.

येणार असं कळवलं नाही, कारण माझी मलाच खात्री नव्हती. त्या दिवशी दोन बस समोरून सोडल्या. तिसरीत चढले, कारण मागच्या माणसानं ढकललं. व्हरांड्याच्या टोकाला तू दिसलीस. शेजारच्या खुर्चीवर त्याची पिशवी होती. तू मला पाहिलंस आणि एक अक्षर न बोलता पिशवी खाली ठेवलीस. त्याबद्दल मी तुझी आभारी आहे. बोलली असतीस तर मी परत फिरले असते.

वीस पूर्णांक सहा. आकडा तुलाही माहीत आहे, पण मला एकदा माझ्या हातानं लिहायचा होता.

तू त्याची सुई पुन्हा लावायला त्याला आतल्या खोलीत घेऊन गेलीस, तेव्हा मी डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. ते तुला सांगितलं नाही. चेहऱ्यावरून तू ओळखलंसच असेल काहीतरी. आता सांगते.

मी त्यांना दादाचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. तुझे बाबा गेले तेही हे ठाऊक नसतानाच गेले. परीक्षेच्या आधी दादा म्हणाला होता, “आई, एवढे पंधरा दिवस सुई नको, अभ्यासात लक्ष लागत नाही.” आणि मी सुई माफ केली. फेरिटिन चांगलं आलं होतं ना, म्हणून. परीक्षा संपली आणि महिन्याच्या आत त्याचं हृदय थांबलं. त्या पंधरा दिवसांचं गणित मी इतकी वर्षं सोडवत बसले आहे. जावयाला उंबऱ्यात पाहिलं तेव्हा वाटलं, आता हेच गणित माझी पोरगी सोडवत बसणार. मला ते बघवलं नसतं.

मी विचारलं, “त्या पंधरा दिवसांमुळे माझा मुलगा गेला का?”

त्या लगेच बोलल्या नाहीत. मला ते आवडलं. लगेच दिलेलं उत्तर पाठ केलेलं असतं. त्यांनी विचारून विचारून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आजी, हृदयात लोह पंधरा दिवसांत भरत नाही. वर्षानुवर्षं साठतं. तुमच्या मुलाचं हृदय त्या परीक्षेच्या कितीतरी आधीपासून भरत आलं असणार. फेरिटिनमध्ये ते दिसलं नाही, कारण ते त्यात दिसतंच असं नाही. आणि हृदयात डोकावायची ही पद्धत तेव्हा आपल्याकडे नव्हती.”

मी म्हटलं, “म्हणजे मला दिसायला हवं होतं, असं काही नव्हतं?”

त्या म्हणाल्या, “तेव्हा कुणालाच दिसलं नसतं. तुम्हाला नाही, तुमच्या डॉक्टरांना नाही, मी असते तर मलाही नाही.”

मग त्यांनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. दोन वर्षांपूर्वीचं आणि आजचं. तू पाहिलीयस ती. पहिल्यात हृदयाची भिंत कोळशासारखी काळी. दुसऱ्यात राखाडी, पहाटेचं आभाळ असावं तशी. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्या म्हणाल्या, “हे तुमच्या मुलीनं आणि जावयानं केलंय, रोज थोडं थोडं.” मी म्हटलं, “मला ठाऊक आहे. मी वाचत होते.”

बाहेर आले तर तुम्ही दोघं अजून आतच होता. मी व्हरांड्यात उभी राहिले. कुठे जायचं ते सुचत नव्हतं. रिकाम्या तासाला शिक्षकांच्या खोलीतही कुणी नसलं की व्हायचं, तसं. लोक येत होते, जात होते. मला भिंतीला हात लावावा लागला, पण चक्कर नव्हती ती, ठमे. पाठीवरचं काहीतरी उतरलं होतं आणि त्याशिवाय चालायची सवय नव्हती.

तेवढ्यात मागून हाक आली, “आई, चहा घेणार ना?”

पुरुषाच्या आवाजात ‘आई’ अशी हाक मी दादा गेल्यापासून ऐकली नव्हती. आधी मी इकडे तिकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाला मारली असेल म्हणून. माझ्याजवळ दुसरं कुणी थांबलेलं नव्हतं. तो शर्टाची बटणं लावत उभा होता, एक बटण चुकलं होतं.

मी म्हटलं, “घेते. साखर कमी.”

आई